ठरलेली मजुरी दिली म्हणजे ऋण फिटले काय?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे एखादे तरी माणूस आज मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक किंवा अशाच एखाद्या वाढत्या शहरी पोटासाठी गेलेले असते. रात्री त्याचा फोन येतो. आई विचारते, "काम आहे ना रे?" तो म्हणतो, "आज होतं. उद्याचं उद्या बघू." ह्या उत्तरात आळस नाही, की बेफिकिरी नाही. उद्या आपणांस काम मिळेल किंवा नाही हे त्यास खरोखरच ठाऊक नसते. ज्याने आज त्यास कामावर घेतले त्यासही त्याची चिंता वाहावयाचे कारण उरलेले नसते, कारण ठरलेली मजुरी त्याने सायंकाळी मजुराच्या हातावर ठेविलेली असते. व्यवहार संपला. पण ठरलेले दिले म्हणजे देणेही संपले काय? हा प्रश्न आम्ही आज मंडळ्यांतील बंधुभगिनींपुढे विचारार्थ ठेवीत आहो.

ज्यांनी शहरातील मजुरांचा नाका पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन करणे अवश्य आहे. सकाळी सात-साडेसातच्या सुमारास एखाद्या चौकात माणसे जमू लागतात. गवंड्याच्या पिशवीतून थापीची मूठ दिसते, रंगाऱ्याच्या हाती ब्रश असतो, सुताराजवळ करवत असते. बिगाऱ्याजवळ मात्र दोन हात आणि दुपारच्या भाकरीचा डबा एवढेच. स्त्रियाही एका बाजूस उभ्या राहतात. एखादा मुकादम अगर घरमालक गाडी थांबवितो, की त्याच्याभोवती गर्दी होते. किती जण पाहिजेत, कोठे जावयाचे, काय देणार, हे दोन मिनिटांत ठरते; चौघे जातात, चाळीस मागे राहतात. दहा वाजून गेले म्हणजे पुन्हा कोणी गाडी थांबविणार नाही हे सर्वांस समजते. मग जो तो आपला डबा तसाच घेऊन खोलीकडे परततो. येण्याचे भाडे तर खर्च झालेलेच असते. पावसाळ्यात बांधकाम थंडावले म्हणजे अशा परतीच्या सकाळी एकामागून एक येतात.

नाका हा ह्या जीवनाचा केवळ एक प्रकार झाला. चार घरची धुणीभांडी करणारी बाई, हातगाडीवर भाजी विकणारा, पाठीवर पोती वाहणारा हमाल, कचऱ्यातून कागद-पत्रा निवडणारी म्हातारी, घरी बसून नगावर शिवणकाम करणारी सून, ही सर्व एकाच नावेत बसलेली माणसे आहेत. ह्यांच्यापैकी कोणाजवळ नेमणुकीचा कागद नाही, कोणास आजारपणाची रजा नाही, आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळेल अशी कोणाची आशा नाही. अशा कामास विद्वान लोक 'अनौपचारिक' म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७२ साली केनिया देशाविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यापासून हे नाव जगभर रूढ झाले. आपल्या देशात अर्जुन सेनगुप्ता ह्यांच्या अध्यक्षतेखाली जो राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला होता, त्याने २००४-०५ ह्या वर्षाच्या आकड्यांवरून असे दाखविले की, देशातील दर शंभर काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९२ जण अशा प्रकारचे होते. म्हणजे ज्यास आपण अपवाद समजतो तोच नियम आहे, आणि पक्की नोकरी हाच अपवाद आहे.

कोणी म्हणेल की, पूर्वी असे नव्हते. मुंबईस गिरणीत चिकटले म्हणजे माणसाचे कल्याण होत असे. हे अर्धेच खरे आहे. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन झाली. परंतु त्यानंतर कित्येक पिढ्या हजारो माणसे 'बदली' म्हणूनच राबली. बदली कामगाराने रोज सकाळी गिरणीच्या दारी उभे राहावयाचे. एखाद्या कायम कामगाराचा खाडा पडला तर आत जावयाचे, नाही तर परत फिरावयाचे. तोही एक नाकाच होता. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडावयास आरंभ केला, आणि रविवारची सुट्टी १८९० साली पदरात पडली. जी सुट्टी आज आपणांस सूर्योदयाप्रमाणे आपोआप येणारी वाटते, तीसुद्धा कोणीतरी मागून घेतलेली आहे. पुढे अनेक वर्षांच्या खटपटीने कायमपणा, भविष्यनिर्वाह निधी, बोनस इत्यादी गोष्टी प्राप्त झाल्या. मग १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्या संपानंतर असंख्य माणसे गिरणीत परत गेलीच नाहीत. कोणी गावी परतले, कोणी पहारेकरी झाले, कोणी रस्त्यावर विक्रीस बसले. बापाने जो पक्का जिना चढला होता, त्याच्या पायऱ्या मुलाच्या पायांखालून निघून गेल्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, एका बिगाऱ्याची मजुरी दिवसास ८०० रुपये ठरली. ऐकावयास ही रक्कम लहान नाही; खेड्यातील मनुष्य म्हणेल, "पोरगा बरा कमावतो." परंतु समजा की, त्यास महिन्यात १८ दिवस काम मिळाले. महिन्याची मिळकत १४,४०० रुपये झाली. ती तीस दिवसांवर वाटली तर दिवसास ४८० रुपये पडतात. कारण पोट काही अठराच दिवस जेवत नाही, आणि खोलीचे भाडेही अठरा दिवसांचे घेतले जात नाही. ज्या बारा दिवशी तो नाक्यावरून परतला, त्या दिवशी तो कोणासाठी उभा होता? तो शहरासाठीच उभा होता. ज्या क्षणी माणूस पाहिजे त्या क्षणी माणूस मिळतो, ही जी शहराची मोठी सोय आहे, ती त्याच्या उभे राहण्याने निर्माण होते. विहिरीवर मोट चालो वा न चालो, बैलास वैरण रोज घालावी लागते, हे आमच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. मग जो मनुष्य आपल्या गरजेच्या घटकेची वाट पाहत उभा असतो, त्याच्या रिकाम्या दिवसांची वैरण कोणी घालावी?

ह्यावर पहिला आक्षेप असा येतो की, त्याने राजीखुशीने ठराव केला; कोणी त्याचा हात धरून त्यास आणिले नव्हते. धंद्यात अनिश्चितपणा कोणास चुकला आहे? व्यापाऱ्याचा माल पडून राहतो, शेतकऱ्याचे पीक गारपिटीने जाते; त्यांचे रिकामे दिवस कोण भरून देतो? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तरही शेतातच सापडते. शेतकरी पावसाचा धोका पत्करतो हे खरे. परंतु पाऊस चांगला झाला तर पीक त्याच्या खळ्यात येते. व्यापारी तोट्याचा धोका घेतो, तसा नफाही घेतो. धोका आणि लाभ ही एकाच जोडीची दोन बैले होत. नाक्यावरच्या मजुराची गोष्ट निराळी आहे. पाऊस आला, सिमेंट महागले, मालकाचे कर्ज अडले, तर खाडा मजुराचा. आणि इमारत उभी राहून तिची किंमत दुप्पट झाली, तर लाभ दुसऱ्याचा. ज्यास लाभात वाटा नाही त्याच्या माथी धोक्याचा मोठा वाटा मारणे, ह्यास ठराव म्हणता येईल; न्याय म्हणता येईल किंवा नाही ह्याविषयी आम्हांस शंका आहे. शिवाय ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही आणि ज्याच्या घरी वर्षाचे धान्य आहे, अशा दोघांनी केलेल्या ठरावात दोघांची खुशी सारखी असते असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे, आणि तो दुर्दैवाने आपल्या लोकांच्या तोंडीही ऐकू येतो. तो असा की, ज्यास काम करावयाचे आहे त्यास काम मिळतेच. जे रिकामे उभे राहतात ते आळशी अथवा व्यसनी असतात. व्यसने आहेत, आणि त्यांनी कित्येक घरे धुळीस मिळविली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सूर्योदयास उठून, डबा बांधून, भाडे खर्चून जो चौकात येऊन उभा राहिला, त्यास आळशी कसे म्हणावे? येथे आमच्या उपदेशकांस द्राक्षमळ्याच्या दाखल्याचे सहज स्मरण होईल. त्या दाखल्याचा मुख्य विषय देवाची कृपा हा आहे, मजुरीचे दर हा नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि त्यात जे चित्र काढिले आहे ते हुबेहूब नाक्याचे आहे. दिवस मावळावयास आला तरी बाजारात माणसे उभी आहेत. त्यांस विचारता ती सांगतात की, आम्हांस कोणी कामास बोलाविले नाही. धनी त्यांचे म्हणणे खोटे मानीत नाही, त्यांस आळशी म्हणत नाही. आणि मजुरी देताना घटका मोजण्याऐवजी माणसाच्या दिवसाची गरज पाहतो. मोशेच्या नियमशास्त्रातही मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची जी आज्ञा आहे, तिचे कारण मजुराची गरिबी आणि त्या मजुरीकडे लागलेला त्याचा जीव, हेच सांगितले आहे. ज्या धर्मशास्त्रात मजुराच्या लागलेल्या जिवाची इतकी दखल घेतली आहे, ते मानणाऱ्यांनी 'आळशी' हा शब्द फार जपून उच्चारावा.

आता एक अवघड गोष्ट सांगावयाची आहे. कित्येक वृद्ध म्हणतात की, जुन्या गावगाड्यात असा अनिश्चितपणा नव्हता. सुतार, लोहार, कुंभार ह्यांस खळ्यावर बलुते मिळत असे. काम थोडे असो वा फार असो, सुगीच्या वेळी ठरलेल्या पेंढ्या घरी येत. हे खरे आहे. परंतु त्या खात्रीची किंमत काय होती, हे आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजा-पणजांस विचारावयास पाहिजे होते. महाराचे वतन म्हणजे रात्री-अपरात्री हाक आली की उठावयाचे, टपाल पोचवावयाचे, मेलेले जनावर ओढावयाचे, आणि एक आजारी पडला तर घरातील दुसऱ्याने जावयाचे. भाकरीची खात्री होती, पण ती गळ्यातील दाव्याला बांधलेली होती. म्हणूनच डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्याचे विधेयक आणिले. आणि अखेरीस १९५८ सालच्या कायद्याने मुंबई राज्यातील असली कनिष्ठ ग्रामवतने रद्द ठरली. आमच्या लोकांनी शहराची वाट धरली, ती केवळ भुकेमुळे नव्हे. तेथे हाक मारली तर 'येत नाही' असे म्हणता येते, म्हणूनही ती धरली. नाक्यावरचा मजूर कसाही असो, मुकादम शिवी देऊ लागला तर तो दुसऱ्या गाडीत चढू शकतो. ही मोकळीक आपल्या वाडवडिलांनी फार मोलाने मिळविली आहे, आणि ती परत देऊन खात्री विकत घ्यावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

गावाने खात्री दिली आणि मोकळीक घेतली. शहराने मोकळीक दिली आणि खात्री घेतली. मनुष्यास दोहोंपैकी एकच मिळावे, असा काही सृष्टीचा नियम आहे काय? सरकारी कचेरीतील कारकून नोकरी सोडावयास मोकळा आहे, आणि तो आजारी पडला तर त्याचा पगारही चालू राहतो. त्यास दोन्ही मिळाल्याने जग बुडाले नाही. तेव्हा जे कारकुनास शक्य आहे ते बिगाऱ्यास अशक्य का असावे, ह्याचे कारण दाखविण्याचा भार नाही म्हणणारावर आहे.

ह्या ठिकाणी आमच्या खेड्यांतील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. शहर मजुराच्या रिकाम्या दिवसांचा खर्च देत नाही, ह्याचा अर्थ तो खर्च कोणीच देत नाही असा नव्हे. तो गाव देते. मुलगा शहरात आजारी पडला की, त्यास गावी धाडतात. औषधपाणी आई पाहते. सून बाळंतपणासाठी गावी येते. नातवंडे आजीजवळ वाढतात आणि गावच्या शाळेत शिकतात. पडत्या काळात गावाहून ज्वारीचे पोते जाते, बहिणीच्या कानातले गहाण पडते, दोन एकर कोरडवाहू तुकड्यावर कर्ज होते. म्हातारपणी तर सर्वच परत येतात. अशा रीतीने शहरातील घर जे स्वस्त बांधले जाते, शहरातील धुणे जे स्वस्त धुतले जाते, त्या स्वस्ताईचा एक भाग तुमच्या माजघरातून जात असतो. शहराच्या हिशेबाच्या वहीत त्याची नोंद नाही, आणि तुमच्याजवळ तर वहीच नाही.

ही गोष्ट १९२० किंवा १९५० साली जितकी खरी होती तितकीच २०२० सालीही खरी ठरली. त्या वर्षी २४ मार्चच्या रात्री साथीच्या भयाने देशभर टाळेबंदी जाहीर झाली. काम एका रात्रीत थांबले, आणि ज्यांची मिळकत रोजची होती त्यांस काही दिवसांतच कळून आले की, शहरात आपले असे काहीच नाही. लाखो माणसे पायी गावाकडे निघाली. जालन्यात कामास असलेले मध्य प्रदेशातील काही मजूर असेच रुळांच्या कडेने चालत निघाले होते. थकून ते करमाडजवळ रुळांवरच निजले, आणि ८ मे रोजी पहाटे मालगाडीखाली त्यांपैकी सोळा जण मरण पावले. त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्यांच्या धन्याने त्यांची त्या दिवसापर्यंतची मजुरी चुकती केली होती किंवा नाही, हा येथे प्रश्नच नाही. ती पैन् पै चुकती केलेली असती, तरी ऋण फिटले होते असे म्हणावयास कोणाची जीभ वळेल?

तर मग मार्ग काय? आमच्याच प्रांतात तो काही अंशी दाखविला गेला आहे. हमालासारखा अनिश्चित धंदा दुसरा कोणता असेल? आज ह्या दुकानी पोते, उद्या त्या वखारीत; धनी कोण हेच ठरत नाही. पुण्यात डॉक्टर बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटील ह्यांनी माथाडी कामगारांस एकत्र केले. त्या चळवळींतून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. त्याची रचना साधी आहे. व्यापाऱ्याने हमालाची मजुरी मंडळाकडे भरावयाची, आणि मजुरीवर ठराविक प्रमाणात अधिक रक्कमही भरावयाची. त्या अधिक रकमेतून भविष्यनिर्वाह निधी, रजेचे वेतन, औषधोपचार इत्यादींची तरतूद होते. धनी रोज बदलला तरी चालेल. प्रत्येक धन्याने आपल्या पोत्यापुरता उद्याचाही वाटा देऊन जावे, हे त्यातील तत्त्व होय. हमालाची मोकळीक राहिली, आणि थोडी खात्रीही आली.

हेच तत्त्व पुढे दुसरीकडेही लावण्यात आले. १९९६ सालच्या कायद्याने इमारतीच्या खर्चावर शेकडा एक ते दोन इतका उपकर बसवून बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा निधी उभारण्याची व्यवस्था केली. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. ज्यांस पूर्वी लोक चोर समजून हाकलीत, त्यांच्याच 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेशी २००८ साली पुणे महानगरपालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. काम तेच राहिले. पण करणारीस ओळखपत्र मिळाले, आणि दारी उभी राहिली असता तिला 'कोण तू?' असे विचारणे बंद झाले.

इतक्यात एक नवाच नाका उत्पन्न झाला आहे. तो चौकात नाही. तो तरुणाच्या खिशातील फोनमध्ये आहे. जेवणाचा डबा अगर सामान पोचविणारा तरुण फोनची घंटा वाजण्याची वाट पाहत झाडाखाली बसतो. घंटा वाजली तर पैसे; वाट पाहण्याचे काही नाही. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघातही त्याचाच. नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, २०२०-२१ मध्ये अशा प्रकारे काम करणारे देशात सुमारे ७७ लाख होते. ह्यांस कंपन्या नोकर म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. भागीदार हा शब्द आमच्या शेतकऱ्यांस चांगला परिचयाचा आहे; अर्धेलीने शेत करणाऱ्यास पिकाचा अर्धा वाटा मिळतो. जो केवळ नुकसानीतच भागीदार आहे त्यास हे नाव देणे म्हणजे भाषेचा अपराध होय. तथापि येथेही १९६९ चे तत्त्व हळूहळू मान्य होत आहे. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीचा शेकडा एक ते दोन इतका भाग ह्या कामगारांच्या निधीस द्यावा अशी तरतूद लिहिली गेली, आणि राजस्थानाने २०२३ साली ह्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

शेवटचा आक्षेप हिशेबी माणसांचा आहे. ते म्हणतात, असा बोजा घातला तर कामे कमी होतील, आणि गरिबाचे भले करू जाता त्याची आहे ती भाकरी जाईल. ह्यात काहीच तथ्य नाही असे नव्हे. काही धनी पळवाटा शोधतील. माथाडीच्या नावाखाली व्यापाऱ्यांकडून खंडणी उकळणारेही निघाले, हे सर्वांस माहीत आहे. परंतु मुख्य गोष्ट विसरू नये. रिकाम्या दिवसांचा खर्च कायद्याने नव्याने उत्पन्न होत नाही. तो आजही दिला जातच आहे. फक्त तो सर्वांत गरीब माणसाच्या खात्यावर मांडलेला आहे. तो त्याच्या खात्यावरून काढून, ज्यांस लाभ होतो त्या सर्वांच्या खात्यावर थोडा थोडा वाटून मांडावा, एवढेच मागणे आहे. एका पाठीवरचे शंभर किलोचे पोते दहा जणांनी दहा-दहा किलो वाहून नेले, तर पोते जड झाले असे कोणी म्हणत नाही.

हे सर्व वाचून आमचा एखादा वाचक म्हणेल, "कायदे करणे हे मोठ्यांचे काम, आम्ही खेड्यातील माणसांनी काय करावे?" आम्ही त्यास तीन गोष्टी सुचवितो. पहिली ही की, शहरात गेलेल्या आपल्या माणसास एक वही घ्यावयास सांगावे. कोणत्या तारखेस, कोठे, कोणाकडे काम केले व काय मिळाले, हे त्याने रोज रात्री दोन ओळींत लिहावे. १९९६ च्या कायद्याने नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याची अट घातली होती, आणि ज्याच्याजवळ काहीच लिहिलेले नाही त्यास आपल्याच घामाचा पुरावा देता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत ३० कोटींहून अधिक कामगारांनी आपली नावे नोंदविली आहेत; उपदेशकांनी व शाळामास्तरांनी मंडळीतील निरक्षर माणसांस असल्या नोंदणीच्या कामी साहाय्य करावे. नुसत्या नोंदणीने पोट भरत नाही हे खरे. परंतु ज्याची गणतीच नाही त्याचा वाटा कोण काढून ठेवील?

दुसरी गोष्ट अशी की, शहरातून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलास टोचून बोलू नये. तो हरून आला असे गाव म्हणते. वस्तुतः पुष्कळदा तो शहराचा खर्च आपल्या पाठीवर घालून आलेला असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्याच दाराशी आहे. आपणही कोणाचे तरी धनी आहो. खुरपणीस, कापणीस, कांदा काढणीस आपणही माणसे बोलावितो. दुपारी पाऊस आला म्हणून अर्ध्या दिवसावर परत धाडताना आपण काय देतो? 'बाजारच्या दिवशी ये, मग देतो' असे आपण किती वेळा म्हणतो? बाईची मजुरी पुरुषाहून कमी ठरविताना तिचे ओझे कमी असते काय? आठवड्याच्या बाजारी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना, सायंकाळी न विकलेली जुडी कोणाची, ह्याचा आपण विचार केला आहे काय? मुंबईच्या धन्याने आपल्या मुलाशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसे आपण आपल्या बांधावरच्या मजुराशी वागलो, तर मग मुंबईच्या धन्याकडे मागणे मागावयास आपले तोंड मोकळे राहील.

ठरलेली मजुरी देणे हे ऋणाचे पहिले अंग होय. ते ज्याने चुकविले तो तर चोरच. परंतु जो माणूस उद्या आपल्या हाकेस उभा असावा अशी आपली इच्छा आहे, त्याच्या उद्याचा काही भाग आपल्याकडे लागतो. तो दिल्यावाचून ऋण फिटत नाही. आज रात्री पुन्हा फोन येईल, आणि आई पुन्हा तेच विचारील. तिच्या मुलास "उद्याही आहे" असे म्हणता येईल तो दिवस दूर आहे. परंतु निदान "उद्या नसलं तरी निभेल" एवढे त्यास म्हणता यावे, आणि ते निभावणे एकट्या आईच्या माजघरावर पडू नये, इतके मागणे न्यायाचे आहे, दयेचे नव्हे.